तिसऱ्या डब्यातला तारा

सोमवार, १३ जानेवारी

पोरांना दर तासाला बजावतो, जे दिसलं ते त्याच दिवशी वहीत लिहा, उद्यावर टाकाल तर खोटं लिहाल. मग आपण का नाही लिहीत, असं आज दाढी करताना वाटलं. म्हणून ही वही. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "लिहा हो लिहा. तेवढंच मला कमी ऐकावं लागेल."

तर आजपासून माझा विषय सुरू झाला. किती वर्षं मागे लागलो होतो त्याच्या! शेवटच्या वर्षाला 'ताऱ्यांचं मापन', आणि तेही नुसतं फळ्यावर नाही, प्रयोगांसकट. आमचा प्राचार्य माझ्याच बरोबर नोकरीला लागलेला, वाणिज्य शिकवणारा. त्याच्या मते तारे मोजणं म्हणजे गच्चीवर जाऊन एक, दोन, तीन म्हणणं. पण गड्यानं सही केली आणि आमच्या मजल्यावरचा लांब व्हरांडाही दिला. खिडक्यांना काळे पडदे मी स्वतः लावले.

मांडणी साधी आहे. व्हरांड्याच्या त्या टोकाला डबा, डब्यात दिवा, डब्याच्या तोंडावर पातळ पत्रा आणि पत्र्याला सुईनं पाडलेलं भोक. हा आमचा तारा. या टोकाला लहान दुर्बीण, तिच्या तोंडावर पुठ्ठ्याचं झाकण, झाकणाला दोन भोकं. त्या दोन भोकांतून आलेला उजेड आत एकमेकांत मिसळतो आणि ताऱ्याच्या ठिपक्यावर बारीक काळे-उजळ पट्टे उमटतात. झाकणावरची भोकं लांब लांब सरकवत गेलं की पट्टे फिके होत होत नाहीसे होतात. किती अंतरावर नाहीसे झाले, त्यावरून तारा केवढा ते कळतं. आणि पत्र्याला एकाऐवजी शेजारीशेजारी दोन भोकं असली, म्हणजे तारा जुळा असला, तर गेलेले पट्टे पुढे पुन्हा ठसठशीत परत येतात. साध्या नजरेला एकच ठिपका दिसतो, पण तो एक आहे की दोन हे पट्टे सांगून टाकतात. खरे खगोलवाले दोन दुर्बिणी लांब लांब ठेवून हेच करतात, फक्त त्यांचा व्हरांडा आमच्याहून मोठा आहे.

नियम दोन. कॅमेरा नाही, आधी स्वतःच्या डोळ्यानं बघायचं. आणि वहीत शेवटी 'त्रुटींची कारणं' हा भाग कोरा सोडला तर शून्य. प्रयोगात चूक नसते असा माणूस मी अजून बघितला नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

डोकं फिरलंय. दुर्बीण ज्या लोखंडी पट्टीवर सरकते ती पट्टीच वाकडी आली आहे. एक डोळा मिटून कडेनं बघितलं, तर मधोमध चक्क पोक. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "सर, सुतासारखी सरळ आहे, मी स्वतः बघून दिली." मी म्हटलं, सूत तुमच्याकडे कुठलं मिळतं ते एकदा बघायला हवं. उद्या दुसरी आणतो म्हणालाय.

तारा दुर्बिणीत आणणं आज जड गेलं. सरळ बघितलं की हरवतो, जरा बाजूला नजर टाकली की हजर. यात नवल नाही, अंधुक तारे तिरक्या नजरेनंच बघायचे असतात, आकाश बघणाऱ्याला ही सवय असतेच. पोरांनाही ही युक्ती शिकवली. वर्गात एक चिमणी मुलगी आहे. सतत इकडून तिकडे पळते आणि पेन्सिली कुरतडते. पोरं तिला खारूताई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ती डोळा लावून म्हणाली, "पण सर, हा अंधुक नाहीये. चांगला लखलखतोय." म्हटलं, तुझे डोळे विशीतले आहेत बाई, तुला काजवासुद्धा सूर्य वाटेल.

पोरगी हुशार आहे, पण तोंडाळ.

मंगळवार, २१ जानेवारी

दुसरी पट्टी आली. तीही वाकडी! हल्ली जगात सरळ वस्तू मिळणं बंद झालंय का?

तोच वैताग घरात. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट फुगली आहे असं मला रविवारपासून दिसतंय. आज सुताराला बोलावलं. त्यानं ओळंबा सोडला, वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाला, "साहेब, चौकट बरोबर आहे. वाकडी असती तर माझाच फायदा होता." बायको हसली. मी नाही हसलो. सुताराला चहा दिला आणि माझा ओतताना निम्मा टेबलावर गेला. ही काही बोलली नाही, फडकं घेऊन आली. बोलली असती तर बरं झालं असतं, मला भांडायचंच होतं.

ही वहीसुद्धा स्वस्तातली निघाली. रेघा मध्येच खचल्यात.

शुक्रवार, २४ जानेवारी

तीन डबे केले आहेत. आत कुठला तारा आहे ते पोरांना माहीत नाही, पट्टे मोजून त्यांनी सांगायचं. तिसऱ्यात जुळा तारा. सकाळी मी स्वतः बघून घेतलं. पट्टे फिके झाले, गेले, आणि गेले ते गेलेच. परत यायला हवे होते, आले नाहीत. दुसरं भोक धुळीनं बुजलं असणार. पत्रा बदलायला वेळ नव्हता. मग मनात म्हटलं, राहू दे असाच. पुस्तकात 'परत येतात' असं लिहिलंय. कोण पुस्तक लिहितो आणि कोण डोळ्यांना दिसलेलं लिहितो, ते कळेल तरी.

एकेक जोडी आली. मी शेजारीच उभा होतो. "गेले ना? परत येताहेत का? नाही ना?" सगळे म्हणाले, "नाही सर." बरं वाटलं. पोरं प्रामाणिक आहेत. शेवटी खारूताई आणि तिचा जोडीदार लंबू राहिले, तेवढ्यात प्राचार्यानं खाली बोलावलं. परत आलो तर दोघं वह्या ठेवून गेले होते.

सोमवार, २७ जानेवारी

वह्या तपासल्या. सगळ्या जोड्यांनी लिहिलंय, पट्टे परत आले नाहीत. एकट्या खारूताई-लंबूच्या वहीत पट्टे परत आले आहेत! आणि कुठे? पुस्तकाप्रमाणे जिथे यायला हवेत, बरोब्बर तिथे. आलेखसुद्धा काढलाय, झोक्यासारखा खाली जाऊन वर आलेला. डोळ्यांत धूळफेक, दुसरं काय!

दोघांना बोलावलं. आधी खारूताईला विचारलं, "हे आकडे कुठून आणलेस?"

"दुर्बिणीतून, सर."

"की पुस्तकातून?"

"पुस्तकातून आणले असते तर सर, याहून चांगले आणले असते."

मग लंबूकडे वळलो. "तुला दिसले होते पट्टे?" तो बिचारा ताडमाड पोरगा जमिनीत जाईल की काय असा उभा. "सर... मला वाटतं... नव्हते बहुतेक." खारूताईनं त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही, एखादी वस्तू हातातून पडल्यावर बघतात तसं. मग म्हणाली, "मला दिसले म्हणून लिहिले. दिसले नसते तर नसते लिहिले."

लेखी कबुली दे, इथेच मिटवतो, असं मी सांगितलं. नाही म्हणाली. म्हटलं, प्रकरण विद्यापीठाकडे गेलं तर प्रात्यक्षिकाला बसता येणार नाही, वर्ष जाईल. तोंड पांढरं पडलं, पण मान हलवली ती नाहीच.

मला चीड नेमकी कसली आली ते कळत नाही. खोटं बोलणारी पोरं मी पुष्कळ बघितली आहेत. त्यांची नजर इकडेतिकडे जाते, हिची जात नव्हती. तरी प्राचार्याला विद्यापीठाकडे धाडायचं तक्रारीचं पत्र दिलं. उद्या हीच पोरगी कुठल्या मोठ्या दुर्बिणीवर बसून मनाचे आकडे लिहायला लागली तर?

गुरुवार, ३० जानेवारी

स्वस्थ बसवत नाही. तासाला गेलो तर वर्ग गप्प. प्रकरण मिटेपर्यंत खारूताईला तासाला बंदी आहे. प्रश्न विचारणारीच बाहेर आहे, तर गप्प असणारच.

बायकोनं फारच लावून धरलं म्हणून चष्मेवाल्याकडे गेलो. त्यानं काचा बदलून बदलून बघितल्या आणि म्हणाला, "सर, नंबरचा प्रश्न नाही वाटत. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. लवकर दाखवा." घरी येऊन हिला म्हटलं, बघ, काय धंदा आहे, यांचं आणि डॉक्टरांचं आतून ठरलेलं असतं. ही म्हणाली, "अहो, स्वतःचं गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवणाऱ्यावर कसला संशय घेता?"

हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी

खारूताई घरी आली होती. मी दारातूनच परत पाठवणार होतो, पण बायकोनं आधीच आत घेऊन पाणी दिलं होतं. पोरगी खुर्चीच्या कडेवर बसली होती. अर्ज आणला होता, प्राचार्यांसमोर प्रयोग पुन्हा करून दाखवायची परवानगी द्या म्हणून. मी अर्ज वाचला. अक्षर किती बारीक! जरा तिरका धरून, लांब धरून वाचावा लागला. ती बघत होती.

मग एकदम म्हणाली, "सर, तुम्ही दुर्बिणीला कुठला डोळा लावता?"

"म्हणजे काय? उजवा. नोकरीला लागल्यापासून उजवाच."

"आणि डावा मिटता?"

"मग काय उघडा ठेवून घराकडे लक्ष ठेवू?"

ती हसली नाही. हिच्याकडे बघितलं तिनं, आणि हिनं तिच्याकडे. बायकांचं काय चालतं ते ब्रह्मदेवाला कळायचं नाही. वेळकाढूपणा, दुसरं काय. तरी अर्जावर सही केली. मंगळवारी करू दे प्रयोग. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पितळ उघडं पडेल.

गेल्यावर ही म्हणाली, "पोरगी खोटं बोलत नाहीये." म्हटलं, तुला काय माहीत? तर म्हणे, "मला माणसं कळतात. तुम्हाला तारे कळतात."

जेवण गेलं नाही. समजा, उगाच समजा, ती खरं बोलत असली तर? मग बाकीची सगळी खोटं बोलली? एवढी पोरं एकाच वेळी? छे! शक्य नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज लिहावंसं वाटत नाही. पण नियम म्हणजे नियम, आजचं आजच लिहायचं.

दुपारी व्हरांड्यात प्राचार्य, मी, खारूताई, आणि कोपऱ्यात लंबू. प्राचार्य आधीच सांगून मोकळा झाला, "संध्याकाळी पत्र विद्यापीठात जाणार. एकदा गेलं की माझ्या हातात काही नाही, हे दोघांनी लक्षात ठेवा."

मी पत्रा बदलला नव्हता. तोच तिसरा डबा. शिवाय एक सापळा लावला होता. झाकणाच्या दोन भोकांपैकी एकावर गुपचूप काळी चिकटपट्टी. एक भोक बंद म्हणजे पट्टे दिसूच शकत नाहीत. तरीही 'दिसतात' म्हणाली की संपलं.

तिनं डोळा लावला. बराच वेळ लावला. मग मान वर करून म्हणाली, "सर, आज पट्टेच नाहीत. एक भोक झाकलं गेलंय का बघता?"

मी झाकणापाशी गेलो. चिकटपट्टी काढली. तिनं पुन्हा बघितलं. "हां, आता आहेत." मग भोकं सरकवत गेली आणि बोलत गेली, "फिके... फिके... गेले... अजून नाहीत... आले. सर, आले. हे बघा."

मी बघितलं. राखाडी डाग. मधोमध राखाडी डाग, दुसरं काही नाही. "काही नाही इथे," मी म्हटलं. आवाज चढला होता माझा.

प्राचार्य म्हणाला, "सरक जरा." वाकला. सगळ्या आयुष्यात या माणसानं दुर्बिणीला डोळा लावला नव्हता. "अरे, आहेत की! बारीक बारीक. कंगव्यासारखे."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? समोर! काळा, पांढरा, काळा, पांढरा. तुला दिसत नाहीत?"

कोपऱ्यातून लंबू एकदम रडवेल्या आवाजात म्हणाला, "सर, मलाही दिसले होते. सगळ्यांनाच दिसले होते. पण तुम्ही शेजारी उभं राहून म्हणत होतात, नाही ना, नाही ना. मग आम्ही..."

खारूताई माझ्याजवळ आली. हळू आवाजात, इतरांना ऐकू जाऊ नये असं म्हणाली, "सर, डाव्या डोळ्यानं बघा ना."

डावा लावला.

पट्टे होते. कापल्यासारखे स्वच्छ. उजवा लावला, डाग. डावा, पट्टे. उजवा, डाग. मान वर करून लोखंडी पट्टीकडे डाव्या डोळ्यानं बघितलं, सुतासारखी सरळ. दिवा तपासला होता, पत्रा तपासला होता, पट्टी बदलली होती. दिव्यापासून उजेडाच्या वाटेत जे जे येतं ते सगळं तपासलं, आणि वाट जिथे संपते तिथे बघायचं राहिलं. स्टूल होतं तरी मी खाली फरशीवर बसलो. रडू आलं आणि आवरलं नाही. पोरांसमोर रडलो. रडलो तर रडलो.

प्राचार्याकडून पत्र मागून घेतलं आणि फाडलं. खारूताईला म्हटलं, "चुकलो मी. माफ कर." हातातल्या पेन्सिलीचं मागचं टोक तिनं पार चावून टाकलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

डॉक्टरीण बाई लेकीच्या वयाच्या. चौकटी छापलेला कागद उजव्या डोळ्यासमोर धरला. मधल्या चौकटींना पोक, आणि मधोमध भोक. आमची दाराची चौकट, ही वही, ती पट्टी, सगळं त्या एका कागदावर.

डोळ्याच्या पडद्यामागची बारीक रक्तवाहिनी गळते आहे. इंजेक्शनं घ्यायची, डोळ्यातच. "गेलंय ते बहुतेक परत येणार नाही," बाई म्हणाल्या, "राहिलंय ते राखू. डावा चांगला आहे, पण आता त्याच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं. इतके दिवस का थांबलात?"

"मी पट्ट्या बदलत होतो," मी म्हटलं. त्यांना काही कळलं नाही. बायकोला कळलं, तिनं माझा हात धरला.

घरी आल्यावर तिला विचारलं, तुला आधीच कळलं होतं ना? म्हणाली, "चहा सांडलात त्या दिवशीच. पण तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही मलाच वाकडी ठरवलं असतं." मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी आपटत होती. धुतलेलीच भांडी होती.

भीती वाटते. लिहून ठेवतो, भीती वाटते. दुसराही गेला तर मी कोण?

बुधवार, १२ फेब्रुवारी

पहिलं इंजेक्शन झालं. वाटलं होतं तितकं वाईट नाही. वाट बघणं जास्त वाईट.

आज तास घेतला. काय झालं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. वर्गाच्या माना खाली. म्हटलं, माना वर करा, तुमच्या वह्यांना मी दिलेले गुण काढून घेतोय. सगळ्यांनी प्रयोग पुन्हा करायचा, आणि मी शेजारी उभा राहणार नाही, पलीकडे फळ्यापाशी थांबेन. एकानं डोळा लावायचा आणि पट्टे किती ठसठशीत दिसतात ते दहापैकी आकड्यात ओरडून सांगायचं.

तसंच केलं. व्हरांड्याच्या टोकावरून पोरं ओरडत होती, आठ, सहा, तीन, काही नाही, काही नाही, दोन, पाच! मी फळ्यावर ठिपके मांडत होतो. लंबू सगळ्यांत मोठ्यांदा ओरडला. शेवटी ठिपके जोडले आणि झोका खाली जाऊन वर आला. पट्टा मला एकही दिसला नाही, पण तारा जुळा आहे हे कळलं. खऱ्या दुर्बिणीवाल्यांनाही सगळं चित्र कधी एकदम दिसत नाही, इकडून एक आकडा, तिकडून एक आकडा, असं जमवावं लागतं. हे मी वर्षानुवर्षं शिकवतोय आणि कळलं आज.

पुढच्या आठवड्यापासून कॅमेराही लावणार. वर्गात टाळ्या पडल्या. नालायक.

गुरुवार, २० फेब्रुवारी

नव्या वह्या आल्या. डाव्या डोळ्यानं, दिवा जवळ घेऊन, सावकाश तपासतोय. लंबूनं त्रुटींच्या कारणांत लिहिलंय, 'भीती'. पूर्ण गुण दिले.

खारूताईची वही उघडली. सगळं नेटकं, दोन्ही वेळचे आकडे शेजारीशेजारी. आणि 'त्रुटींची कारणं' याच्याखाली कोरं! आजवर पहिल्यांदा. बोलावून घेतलं.

"हे काय? कोरं सोडलं तर किती गुण?"

"शून्य, सर."

"मग लिही."

"नाही लिहिणार." तोच चेहरा, सत्तावीस तारखेचा.

मला खरोखर राग आला. "अगं, पण माझ्या डोळ्यामुळे झालं, खरं आहे ते! खरं लिहायला काय होतंय?"

"मला दिसलेलं मी लिहिलंय सर. ज्याला दिसलं त्यानं लिहायचं असं तुम्हीच सांगता. हे तुम्हाला दिसलंय, तर तुम्ही लिहा."

लाल पेन घेतलं, तिच्या वहीत रेघांवरून सावकाश लिहिलं, 'परीक्षकानं स्वतःचा उजवा डोळा सोडून सगळं तपासलं.' खाली पूर्ण गुण दिले आणि वही तिच्या हातात दिली. तिनं वाचलं. डोळे भरले होते पोरीचे, पण खोडी जाते थोडीच. ओळीवरून बोट फिरवत म्हणाली, "सर, ही मात्र खरंच वाकडी आहे."